आज पाणी आहे

परमिट रूममध्ये एवढा अंधार का ठेवतात, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. बाहेर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जालना रोडवर एप्रिलचं ऊन भाजून काढत असतं आणि काळ्या काचेचं दार ढकलून आत जावं, तर आत कायमचे रात्रीचे अकरा. भिंतीवर निळा दिवा, कोपऱ्यात माशांची टाकी, टीव्हीवर आवाज बंद करून लावलेली मॅच आणि टेबलाटेबलावर माना खाली घातलेले पुरुष, दहाव्याला जमल्यासारखे. मेन्यूकार्ड वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते. बॅटरी लावली की शेजारच्या टेबलावरचा माणूस तोंड फिरवतो, कारण तो माझा विद्यार्थी निघतो. मी तीसएक वर्षं शाळेत भूगोल शिकवला. या शहरात मला न ओळखणारा माणूस मिळायचा तर विमानतळावरच जावं लागेल.

बाई आत शिरली की वेटर लगबगीनं आडवा येतो. "मॅडम, फॅमिली वर आहे." मी आणि माझी मैत्रीण, दोघी निवृत्त, दोघींचे नवरे आपापल्या घरी पेपर वाचत बसलेले. तरी फॅमिली वर. वर म्हणजे प्लायवूडची खोपटी, प्रत्येकाला मरून रंगाचा पडदा. आम्ही दोघींत मिळून एक बीअर सांगितली. पोऱ्यानं ती नॅपकिनात गुंडाळून आणली, दोन ग्लासांत ओतली, बाटली टेबलाखाली आमच्या पायाशी ठेवली आणि जाताना पडदा नीट ओढून घेतला. त्या पडद्याआड आम्ही दीड तास सुना आणि गुडघे या दोन विषयांवर बोललो. बिल मात्र उघडं आणलं, बशीत बडीशेप घालून.

वास्तविक कायद्यानं बघितलं तर यात लपवण्यासारखं काही नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, फक्त आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. म्हणजे राज्यात दारूबंदी आहे आणि जो पितो तो परवान्यानं पितो. एका दिवसाचा परवाना विदेशीला पाच रुपये, देशीला दोन. वर्षाचा शंभर, आजन्म हजार. हजार रुपयांत आजन्म मिळणारी दुसरी कुठली वस्तू या राज्यात मला ठाऊक नाही. रेशनकार्डसुद्धा मधूनमधून पडताळणीला मागतात. आणि हा परवाना मुळात कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी. तेव्हा परमिट रूममध्ये बसलेले सगळे कागदोपत्री औषधपाण्याला आलेले आहेत. मग त्यांना अंधारात कशाला बसवायचं? दवाखान्यात ट्यूबलाइट असते.

आपल्या मनाजोगता पब कसा असावा, यावर एक जुना लेख आहे. जॉर्ज ऑर्वेलचा. हा गृहस्थ १९०३ साली बिहारातल्या मोतिहारीला जन्मला, म्हणून मी त्याला थोडं आपल्याकडचं धरते. १९४६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये त्यानं 'द मून अंडर वॉटर' नावाच्या पबचं साग्रसंगीत वर्णन केलं. तिथं रेडिओ नाही की पियानो नाही, बीअर चिनी मातीच्या मगांतून मिळते, काउंटरवरच्या बायका गिऱ्हाइकांना ओळखतात आणि मागच्या बागेत पोरांना झोके आहेत. आणि मग सरळ सांगून टाकलं की असा पब कुठं नाहीच. पुढे विलायतेतल्या एका मोठ्या कंपनीनं ते नाव आपल्या खऱ्याखुऱ्या पबांना दिलं. मला त्यातला झोक्यांचा मुद्दा फार पटला. झोके का, तर एकानं पोरं सांभाळत घरी बसायचं आणि दुसऱ्यानं पबात जायचं, असं होऊ नये. घरी बसणारं ते कोण असतं, हे मी सांगायला नको.

तर माझा पब. तो क्रांती चौकातच हवा, याबद्दल मी ठाम आहे. हा चौक या शहराचा व्हरांडा आहे. १८५७ मध्ये बंड केलेल्या शिपायांना इथल्याच काळ्या चबुतऱ्यापाशी मृत्युदंड दिला, म्हणून क्रांती चौक. ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चा पहिल्यांदा निघाला तो इथून. तो मूक होता. इथून निघणारे बाकीचे सगळे बोलके. उड्डाणपूल झाला तेव्हा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुलापुढे ठेंगणा दिसू लागला, म्हणून नवा, चबुतऱ्यासह बावन्न फुटांचा पुतळा उभारला. १८ फेब्रुवारी २०२२ च्या मध्यरात्री त्याचं अनावरण झालं, तेव्हा शहरातली निम्मी माणसं इथं आणि उरलेली इथं यायला निघून उस्मानपुऱ्यात अडकलेली. महाराजांच्या नजरेसमोर दुकान मांडायची माझी छाती नाही. म्हणून पब चौकात नव्हे, मागच्या गल्लीत, पण पहिल्या मजल्यावर आणि एक बाजू पुलाकडे. तिकडे भिंतभर खिडक्या. साध्या, पांढऱ्या काचेच्या. पुलावर तुंबलेल्या गाड्यांतून लोकांनी माझं गिऱ्हाईक बघावं आणि गिऱ्हाइकानं त्यांना. विद्यार्थ्यानं मला बघून तोंड फिरवण्याऐवजी "बाई, नमस्कार" म्हणावं, आणि मीही त्याला, बाबा रे, तुझा अक्षांश-रेखांशांचा गोंधळ अजून आहे का, असं विचारावं.

नावासाठी घरात बरीच खलबतं झाली. भाच्यानं इंग्रजी नावांची यादी पाठवली, त्यात तीन वेळा 'ब्रू' होतं. नाव पबचं असो की पेयाचं, माझी एकच अट आहे: बाईचं नाव नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिरीश महाजनांनी एका साखर कारखान्याच्या कार्यक्रमात, दारूला बायकांची नावं दिली तर खप वाढेल असा सल्ला दिला होता आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली होती. तेव्हा त्यांच्याकडे खातं होतं जलसंपदा. पाण्याच्या मंत्र्यांचा जीव दारूत गुंतावा, हे आमच्या मराठवाड्याला शोभूनच दिसलं.

शेवटी पबचं नाव ठरलं 'आज पाणी आहे'. या शहरात यापेक्षा जोरदार पाटी रंगवता येणार नाही. हे तीन शब्द कुठंही लावा, लोक हंडे घेऊन येतील. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा आलं तर त्याला वेळेवर आलं म्हणतात. उन्हाळ्यात मधला गॅप वाढतो. येतं तेही रात्री दोनला, पहाटे चारला. ऑर्वेलनं पाण्याखालचा चंद्र कल्पनेनं रंगवला. आम्ही चंद्राखालचं पाणी मोटर लावून, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, प्रत्यक्ष भरतो. लग्नाची तारीखसुद्धा आमच्याकडे पंचांग आणि पाण्याचा दिवस, दोन्ही बघून काढतात. २३ मे २०२२ रोजी देवेंद्र फडणवीसांनी पैठण गेटपासून 'जल आक्रोश' मोर्चा काढला होता. त्याच्या आधी, २०२० च्या डिसेंबरात, उद्धव ठाकरेंनी १६८० कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन केलं होतं. पुढे तीच योजना २७४० कोटींवर गेली. जायकवाडी धरणाहून येणारा तिचा नळ अडीच मीटर व्यासाचा. पैठण रोडला रचून ठेवलेले ते नळ मी पाहिलेत. मी आणि माझी मैत्रीण त्यातून हातात हात घालून चालत जाऊ शकलो असतो. त्या दिवशी नळात दुसरं काही नव्हतंच.

म्हणून माझ्या पबात पहिलं पेय पाणी. टेबलावर बसल्याबरोबर, न मागता, काठोकाठ भरलेला ग्लास. आणि वाइनची देतात तशी पाण्याची यादी. जायकवाडी, ताजं, नळावरचं. हर्सूल तलाव, जुन्या शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी, त्यांना त्या चवीची सवय. हौदातलं, सहाव्या दिवसाचं, किंचित शेवाळी. टँकरचं, मूळ गाव गुलदस्त्यात. जारचं आरओ, याला चव नाही आणि म्हणूनच ते पाहुण्यांना. यादीच्या तळाशी मानाचं पान नहर-ए-अंबरीला. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीखालून पाणी आणलं, उताराचा हिशेब बसवून, मोटरीशिवाय. पुढे त्याच धाटणीच्या मातीच्या नळांनी डोंगरातून आलेल्या पाण्यावर पाणचक्कीचं जातं फिरलं. नहरीचं पाणी मिळेलच असं नाही, पण यादीत एखादी न मिळणारी वस्तू असली की हॉटेलचं वजन वाढतं.

हे खातं सासूबाई सांभाळतील. त्या पंच्याऐंशीच्या आहेत आणि एका घोटात पाणी कुठलं ते सांगतात. मागे शेजाऱ्यांनी जायकवाडीचं म्हणून एक बादली दिली. सासूबाईंनी फुलपात्रात घेतलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि म्हणाल्या, "बोअरचं आहे. आणि ते पण खालच्या गल्लीतल्या." शेजारीण गप्प बसली. विलायतेत या कामाला सूट-बूट घालून माणूस ठेवतात. आमच्याकडे नऊवारी आहे.

दुसरं पेय बीअर, कारण ती इथली आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत किंगफिशरपासून कार्ल्सबर्गपर्यंत किती नावं भरली जातात, हे आमच्या पाहुण्यांना आधी माहीत असतं; अजिंठा-वेरूळ नंतर आठवतं. पुण्याहून येणारा प्रत्येक जण विचारतो, "तुमच्याकडे बीअर ताजी मिळते म्हणे?" हो मिळते, म्हटलं, येताना पाणी तेवढं घेऊन या. भूगोलाच्या बाईला इथं हिशेब सुटत नाही. एक लिटर बीअरमागे धुण्या-उकळण्यासकट चार-पाच लिटर पाणी लागतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी २७ एप्रिलपासून ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापायला सांगितलं. त्या उन्हाळ्यात शहरात कुणी बीअरची बाटली उघडली की आसपासचे लोक मनातल्या मनात तिचे हंडे करत. माझ्या पबात तसं कुणाला करावं लागू नये, म्हणून प्रत्येक बाटलीमागे किती पाणी गेलं ते बिलावरच छापीन. जीएसटीच्या खाली, त्याच अक्षरांत. म्हणजे कुणी वाचणार नाही, पण मी माझं कर्तव्य केलं.

मला खरा रस आहे तो तिसऱ्या पेयात. ज्वारीची बीअर. सातू इथं पिकत नाही, ज्वारी पिकते. मालदांडीच्या भाकरीवर आमच्या कैक पिढ्या पोसल्या आणि त्याच मातीत बसून आम्ही उत्तरेतल्या सातूची बीअर भरतो. आफ्रिकेत गावोगावी ज्वारीची गढूळ, आंबूस बीअर पिढ्यान्‌पिढ्या करतात. नायजेरियानं तर १९८८ मध्ये सातू आणि त्याचा माल्ट बाहेरून आणायलाच बंदी घातली होती. बड्या बड्या ब्रुअरी आधी कुरकुरल्या, मग मुकाट्यानं ज्वारी-मक्यावर आल्या आणि चालल्या. यात अवघड काही नाही. सहा महिन्यांच्या बाळाला नाचणीचं सत्त्व करतो तेव्हा आपण काय करतो? नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, दळतो. माल्ट म्हणजे तेच. पुढचं उकळणं आणि आंबवणं तेवढं बाळाला देत नाहीत.

ज्वारीचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालणारे येणार, आणि त्यांचं चुकत नाही. २००७ च्या धोरणात सरकारनं धान्यापासून दारू गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केलं, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला. खाण्याच्या ज्वारीची दारू आणि तीही सरकारी खर्चानं, ही गोष्ट कुणाच्याही घशाखाली उतरण्याजोगी नव्हती. तरी २०२५ च्या जूनमध्ये सरकारनं 'महाराष्ट्र मेड लिकर' म्हणून धान्याच्या दारूचा वेगळा वर्गच काढला, १८० मिलीला किमान १४८ रुपये. माझं म्हणणं एवढंच, की मला अनुदान नको. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी व्यापारी शेतकऱ्याकडून मातीमोल भावानं उचलतो. ती मला द्या, व्यापाऱ्यापेक्षा चार पैसे जास्त देते. माझी बीअर जरा काळसर निघेल. काळ्या बीअरचे तर पुण्यात दुप्पट घेतात.

शिंदी मी ठेवणार नाही. निजामाच्या तिजोरीत अबकारीचा पैसा मोठा होता, म्हणून १९४७ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी मराठवाडाभर शिंदीची झाडं तोडली. आमच्या आजोबांनीही कुऱ्हाड चालवली असं घरात सांगतात. किती झाडं पाडली, तो आकडा दर दिवाळीला वाढतो. गेल्या खेपेला पैठण तालुक्यातली सावलीच संपली होती. त्यांच्या नातीनं दारूचं दुकान काढावं, याचं आजोबांना काय वाटलं असतं, हा प्रश्न माझ्या मोठ्या भावानं विचारलाच. मी म्हटलं, त्यांचा राग निजामावर होता. भाऊ म्हणाला, अबकारीचा पैसा आता कुठं जातो? मी विषय बदलला.

मोसंबी मात्र हवीच. जालना-पैठण पट्ट्याची, जीआय मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी, सालीसकट टेबलाशी आणून समोर पिळायची. बर्फ वेगळा, मीठ वेगळं, साखर घातली तर गिऱ्हाइकाला बाहेर काढायचं. उन्हाळ्यात पन्हं, आणि मोर्चाच्या दिवशी ताक. मोर्चा कुणाचाही असो, झेंडा दाराशी ठेवून यावं, एक ग्लास ताक फुकट. घोषणा दिल्यावर घसा कोणत्या पक्षाचा ते कळत नाही. ड्राय डेला पब बंद ठेवायचं कारण उरत नाही, हा आणखी एक फायदा. गांधी जयंतीला माझ्याकडे गर्दी असेल आणि सगळे शुद्धीवर असतील.

खाण्याचं फार वाढवायचं नाही. खारे शेंगदाणे, काकडी, मसाला पापड, उकडलेली अंडी, ज्वारीच्या लाह्या, आणि थालीपीठ, पण ते सहानंतर. नान-खलिया या शहराचं भूषण आहे, तो शेजारून मागवता येईल. आमच्याकडे शिजणार नाही, कारण त्याला जी भट्टी आणि जो हात लागतो तो मी कुठून आणू? संडास मात्र असा हवा की बाईनं आत जाताना श्वास रोखू नये. आतून कडी असलेला, दिवा लागणारा, आणि नळाला पाणी असलेला. खरं तर इतकं जमलं तर बाकी पब नसला तरी चालेल. दिवसभर चौकातून जाणाऱ्या बायका वर येतील, काम उरकून खाली जातील, आणि एखादी वाटेत मोसंबी घेईल.

परवान्याचं प्रकरण निघालं तेव्हा मी नियम काढून बसले. शाळा, देऊळ, मशीद यांच्यापासून ७५ मीटर. क्रांती चौकात टेप घेऊन उभं राहिलं की ७५ मीटरांत काहीतरी लागतंच. उस्मानपुऱ्याच्या बाजूला कोचिंग क्लास एवढे, की त्यांना शिक्षणसंस्था धरलं तर पब थेट दौलताबादला न्यावा लागेल. न धरलं तर त्या मालकांचा अपमान. आणि १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगत ५०० मीटरची बंदी आली होती, तेव्हा केरळातल्या एका बारनं दाराशी नागमोडी वाट बांधून अंतर भरून काढलं. पाचशे मीटर चालत गेलात तर दार. पुढे न्यायालयानं शहराच्या हद्दीपुरता खुलासा केला आणि ती अडचण मिटली, पण कल्पना मला आवडली होती. जाताना सरळ आणि येताना वळणाची वाट ठेवली तर माणूस शुद्धीवर आहे की नाही हे आपोआप कळेल.

एवढं सगळं ठरल्यावर एका रविवारी घरात मांडलं. मला वाटलं होतं, संस्कृती, संस्कार, निवृत्त शिक्षिका, अशा क्रमानं भांडण होईल. सासूबाई म्हणाल्या, "चकल्या मी देईन. पण किलोवर नाही, नगावर." सून फोनवर म्हणाली, "आई, खिडकीजवळचं टेबल माझं." भाच्यानं पुन्हा 'ब्रू'ची यादी पाठवली. नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "सगळं ठीक आहे. पण क्रांती चौकात गाड्या कुठं लावणार?"

मी म्हटलं, "अहो, पिणाऱ्यानं गाडी आणायचीच कशाला? रिक्षानं यावं."

"हो, पण रिक्षा कुठं थांबणार?"